पोत्याची पावती होते, पडलेल्या माणसाची?

कोणत्याही गोदामात एक दिवस उभं राहून बघा. ट्रक आला की आधी काट्यावर जातो आणि वजनाची पावती निघते. गेटवर गाडीचा नंबर आणि आवक लिहिली जाते. टोळीतला एक जण खडूनं भिंतीवर पाच-पाचच्या रेघा ओढत कट्टे मोजतो. एखादा कट्टा फाटला तर त्याचीही नोंद होते, कारण तो कोणाच्या नावावर टाकायचा हे ठरवायचं असतं.

आणि थप्पीचा वरचा थर सुटून माणूस खाली सापडला तर? मुकादम त्याला मोटारसायकलवर मधे बसवून जवळच्या खासगी दवाखान्यात नेतो आणि वाटेतच बजावतो, “डॉक्टरनं विचारलं तर घरी जिन्यावरून पडलो म्हण. उगं पोलीस केस नको. शेठ सांभाळून घेतील.” पहिल्या आठवड्यात शेठ सांभाळूनही घेतात. दुसऱ्या महिन्यात फोन उचलणं बंद होतं. तेव्हा हातात एकच कागद उरतो, दवाखान्याचा केसपेपर, आणि त्यावर लिहिलेलं असतं, ‘घरी पडल्याने इजा’.

अहिल्यानगर जिल्ह्यात पाठीवर माल वाहणाऱ्यांना तोटा नाही. नगरचं मार्केट यार्ड, नेप्तीचा आणि घोडेगावचा कांदा बाजार, साखर कारखान्यांची गोदामं, रेशनच्या धान्याची कोठारं, नागापूर आणि सुपा एमआयडीसीतल्या कंपन्यांचे स्टोअर, सगळीकडे माल हातांनीच चढतो-उतरतो. या हातांना इजा झाली तर भरपाईचा कायदा शंभर वर्षांहून जुना आहे. पण भरपाई मिळणार की नाही, हे बरेचदा पहिल्या दिवसाच्या कागदावरच ठरून जातं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिल्या दिवसाचे तीन कागद

पहिला कागद दवाखान्याचा. डॉक्टरांना खरं सांगा: कुठल्या गोदामात, किती वाजता, काय करताना लागलं. ‘थप्पीवरून कट्टा पाठीवर पडला’ एवढं एक वाक्य केसपेपरवर आलं की पुढचं निम्मं काम झालं. शक्य असेल तर सरकारी रुग्णालयात जा. तिथे अपघाताची नोंद मेडिको-लीगल म्हणजे एमएलसी म्हणून होते आणि पोलिसांकडे कळवली जाते. एमएलसी झाली म्हणजे मालकाला लगेच तुरुंगात टाकतात, असं काही नाही. जखम कशानं झाली याची ती सरकारी नोंद असते. बोलता येत नसेल तर सोबतच्या माणसानं हे सांगायचं. सोबत कोण जाणार, हे टोळीनं आधीच ठरवून ठेवावं.

दुसरा कागद मालकाला द्यायची नोटीस. शब्द ऐकून घाबरू नका. जखमीचं नाव-पत्ता, अपघाताची तारीख आणि कारण हे साध्या भाषेत लिहावं, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. उदाहरणार्थ:

‘मी आपल्या गोदामात हमाल म्हणून काम करतो. दिनांक अमुक रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास गाडी खाली करत असताना थप्पीवरील कट्टे घसरून माझ्या उजव्या हातावर पडले. अंगठ्याला गंभीर दुखापत झाली आहे. त्या वेळी टोळीतील पुढील दोन कामगार हजर होते. उपचाराचा खर्च आणि कायद्यानुसार नुकसानभरपाई मिळावी.’

खाली सही किंवा अंगठा. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. नोटीस द्यायची राहून गेली म्हणून हक्क बुडतोच असं नाही. मालकाला अपघात माहीत होता हे दाखवता आलं तरी चालतं. पण दाखवायला पुन्हा काहीतरी पुरावा लागतोच.

तिसरा कागद म्हणजे गोदामाची अपघात नोंदवही. तुमचा अपघात तिच्यात लिहिला का, ते विचारा आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. घसरलेल्या थप्पीचा, तुटलेल्या फळीचा, त्या दिवसाच्या गाडीच्या नंबराचाही फोटो घ्या. संध्याकाळपर्यंत थप्पी पुन्हा सरळ लागलेली असते.

दार कोणतं ठोठावायचं?

गोदामातले कामगार दिसायला सारखे असले तरी कायद्याच्या नजरेत सारखे नसतात. आधी आपण कोणत्या रांगेत आहोत ते ओळखा.

पगारपत्रक असेल तर त्यावर ईएसआय नावाची कपात शोधा. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना राज्य कामगार विम्याखाली येत असेल, तर कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १८,००० रुपये पगार असेल तर दरमहा १३५ रुपये. ही कपात दिसली तर तुमचं दार ईएसआयचं. या दारातून गेलात की मालकावर वेगळा भरपाईचा दावा करता येत नाही. पण हे दार वाईट नाही. उपचार विम्यातून होतात आणि काम बंद असेपर्यंत सरासरी रोजच्या मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व आलं तर त्या प्रमाणात महिन्याला रक्कम सुरू राहते. कामावरच्या अपघातासाठी ‘इतके महिने वर्गणी भरलेली असावी’ अशी अट नाही. कामाच्या पहिल्याच आठवड्यात हात सापडला तरी हक्क लागू होतो. कपात होते पण विमा क्रमांक दिलेला नाही, किंवा आस्थापना मोठी असूनही कपातच नाही, असं असेल तर ईएसआय कार्यालयात तक्रार करा. मालकानं नोंदणी टाळली म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. महामंडळ ती वसुली मालकाकडून करू शकतं.

दुसरी रांग माथाडी मंडळाची. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्यानं टोळीनं काम करणाऱ्या हमालाला कागदावर आणलं. मजुरी आणि तिच्यावर मालकानं भरायची लेव्ही मंडळात जमा होते आणि तिथून कामगाराच्या खात्यात येते. त्याच कायद्यानं नुकसानभरपाईचा कायदा माथाडींना लागू केला आहे. मजुरी मंडळाकडून मिळत असेल तर भरपाईसाठी मंडळालाच मालक धरलं जातं, एरवी प्रत्यक्ष मालकाला. म्हणून नोंदणीकृत हमालानं अपघाताची नोटीस आडत्याला, व्यापाऱ्याला किंवा कारखान्याला द्यावीच, आणि मंडळाला तर न चुकता द्यावी. मंडळाच्या पासबुकातली दर महिन्याची मजुरी हा पुढे पगाराचा सर्वांत बळकट पुरावा ठरतो. हमाल पंचायतीसारखी संघटना गावात असेल तर पहिल्याच दिवशी तिला कळवा. मुकादमाचा फोन आणि संघटनेचा फोन यात मालकाला फरक कळतो.

तिसरी रांग उरलेल्या सगळ्यांची: ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेले, आठवडाभरासाठी आलेले, कांदा निवडणाऱ्या बाया, बीडहून किंवा बिहारहून आलेले पोरगे. यांच्यासाठी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू केली आणि हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला. अपघात त्या तारखेआधीचा असेल तर जुन्या कायद्यानं, नंतरचा असेल तर संहितेनं. सामान्य कामगाराच्या दृष्टीनं गाभा तोच राहिला आहे. वखारीत, गोदामात किंवा बाजाराच्या आवारात माल हाताळणाऱ्याला या कायद्याच्या अनुसूचीत पूर्वीपासून जागा आहे.

हिशेब कसा होतो?

‘साहेब, किती मिळतील?’ हा पहिला प्रश्न असतो. उत्तर तीन आकड्यांवर ठरतं: पगार, वय आणि कमाई करण्याची ताकद किती टक्के गेली.

पगार कितीही असला तरी हिशेबात कमाल १५,००० रुपये धरले जातात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेची. पगार म्हणजे गेल्या १२ महिन्यांची सरासरी. वयासाठी कायद्याच्या तक्त्यात एक गुणक दिलेला असतो. २५ व्या वर्षी तो २१६.९१ असतो, ३५ व्या वर्षी १९७.०६, ४५ व्या वर्षी १६९.४४. माणूस जितका तरुण तितकी त्याची पुढची कमाई जास्त, म्हणून गुणकही मोठा.

आता वरच्या नोटिशीतला हमाल घ्या. वय ३५, महिना १८,००० मिळवतो. उजवा अंगठा गेला. हिशेबात १५,००० धरायचे. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी पगाराच्या ६० टक्के म्हणजे ९,००० घेऊन त्याला १९७.०६ नं गुणायचं. आले १७,७३,५४०. इजांच्या तक्त्यात अंगठा जाणं म्हणजे ३० टक्के. त्यानुसार भरपाई ५,३२,०६२ रुपये. ‘वीस हजार घे आणि मिटव’ म्हणणाऱ्या मुकादमासमोर हा आकडा मांडून बघा.

मृत्यू झाल्यास पगाराच्या ५० टक्के धरतात. ४० वर्षांच्या कामगाराचा गुणक १८४.१७, म्हणजे ७,५०० गुणिले १८४.१७, तेरा लाख ८१ हजार २७५ रुपये. पगार कितीही कमी असला तरी मृत्यूसाठी किमान १,२०,००० आणि पूर्ण अपंगत्वासाठी किमान १,४०,००० ही तळरेषा आहे. अंत्यविधीचा खर्च याहून वेगळा.

हाड मोडलं, तीन महिन्यांत जुळलं, तर ती तात्पुरती अक्षमता. तिच्यासाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के मिळतात. आपल्या उदाहरणात पंधरवड्याला ३,७५०, महिन्याला ७,५००. अक्षमता २८ दिवस किंवा जास्त टिकली तर पहिल्या दिवसापासून, नाहीतर पहिले तीन दिवस सोडून. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं वेगळा द्यायचा असतो. म्हणून औषधाच्या दुकानाची प्रत्येक पावती एका पिशवीत ठेवा. भरपाईच्या दाव्यात सर्वांत जास्त हरवतात त्या याच पावत्या.

एक गोष्ट नीट समजून घ्या. जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्यावर शरीराचं अपंगत्व लिहिलेलं असतं. भरपाई ठरते ती कमाईची ताकद किती गेली यावर, आणि हे दोन आकडे वेगळे असू शकतात. १९७६ साली प्रताप नारायण सिंह देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर एक सुतार होता. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही म्हणून त्याची कमाईची ताकद १०० टक्के गेली, असं न्यायालयानं मानलं. हमालाच्या पाठीचंही असंच आहे. मणक्याची दुखापत तक्त्यात नेमकी सापडणार नाही, कागदावर ती २५ टक्के दिसेल, पण वाकताच येत नसेल तर हमाली संपली. डॉक्टरांकडून ‘वजन उचलण्याचे काम यापुढे करू शकणार नाही’ हे वाक्य लेखी घ्या. नुसत्या टक्क्यांपेक्षा ते जास्त बोलतं.

ठरलेली उत्तरं आणि त्यांवरची तोड

मालकाकडे गेलं की काही वाक्यं ठरलेली असतात.

“तू आमचा माणूसच नाहीस, ठेकेदाराचा आहेस.” काम मालकाच्या धंद्याचं आणि त्याच्या जागेत असेल तर मूळ मालक भरपाई देण्यास बांधील आहे. ठेकेदाराकडून वसूल करायचं ते त्यानं नंतर करावं.

“चूक तुझीच होती, फळीवर नीट पाय ठेवायचा होतास.” भरपाईसाठी कोणाची चूक हा प्रश्न नसतो. दारूच्या नशेत, किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडल्यामुळे इजा झाली असेल तर मालकाला बचाव मिळतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हा बचावही चालत नाही.

“या कागदावर सही कर, सगळं मिटलं.” आपला हक्क सोडून देणारा करार कायद्यानं निरर्थक आहे. मृत्यू झाला असेल तर भरपाई थेट घरच्यांच्या हातात देऊन चालत नाही, ती भरपाई ठरवणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते आणि तिथून वारसांत वाटली जाते. बाहेर दिलेल्या रकमेतून तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचलच हिशेबात धरता येते. नवरा गेल्यावर दीर किंवा सासऱ्यानं परस्पर सह्या केल्या, असं घडू नये म्हणूनच ही सोय आहे. दहाव्याच्या दिवशी आणलेल्या स्टँप पेपरवर कोणीही सही करू नये.

“विमा कंपनी देईल, आमचा संबंध नाही.” विमा असेल तर चांगलंच. पॉलिसीचा क्रमांक लेखी मागा आणि दाव्यात विमा कंपनीलाही सामील करा. पण जबाबदारी आधी मालकाची.

गोदामात पाठीमागे येणाऱ्या ट्रकखाली माणूस सापडला तर दोन वाटा असतात, मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा कर्मचारी नुकसानभरपाई. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. कुठली वाट घ्यायची हे वकिलाला विचारूनच ठरवा, कारण एकदा निवडली की परत फिरता येत नाही. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मात्र या सगळ्याहून निराळी. ती असेल तर तिचाही दावा करा.

दावा कुठे, किती दिवसांत?

अपघातापासून, किंवा मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून, दोन वर्षांत दावा दाखल व्हायला हवा. उशिराचं सबळ कारण असेल तर तो नंतरही घेतला जाऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. दावा अपघात झाला त्या जागी, किंवा कामगार अथवा त्याचे वारस राहतात त्या जिल्ह्यात करता येतो. सुप्यात जखमी झालेल्या माणसाला आपल्या गावच्या जिल्ह्यात दावा लावता येतो, तारखेला दरवेळी इथे यावं लागत नाही. अहिल्यानगरात सुरुवातीची चौकशी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करावी. दावा कोणापुढे चालतो आणि कोणते कागद लागतात हे तिथे कळतं. वरचं अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जातं. मालकाला अपील करायचं असेल तर ठरलेली रक्कम आधी भरावी लागते.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळू शकतो. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक. मालकानं महिन्याभरात भरपाई दिली नाही तर त्यावर दरसाल १२ टक्के व्याज लागतं. उशिराला योग्य कारण नसेल तर आणखी ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे ‘थांबा, बघू’ म्हणण्याची किंमत मालकालाही मोजावी लागते.

कामावर जातानाच अपघात झाला तर?

आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातली ही गोष्ट. एका साखर कारखान्याच्या चौकीदाराची पाळी पहाटे ३ ते सकाळी ११ अशी होती. २२ एप्रिल २००३ रोजी तो मोटारसायकलवरून कामाला निघाला आणि कारखान्याच्या पाच किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. २००९ मध्ये त्याच्या घरच्यांना ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर झालं. विमा कंपनी अपिलात गेली आणि २०११ मध्ये उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. अपघात रस्त्यावर झाला, कामावर नाही, हे कारण. घरचे सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ जुलै २०२५ रोजी न्यायालयानं निकाल दिला: घर ते काम या प्रवासातला अपघातही कामाचाच, जर अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचं नोकरीशी नातं दाखवता आलं तर. जुनी भरपाई पुन्हा लागू झाली. नव्या संहितेतही आता ही तरतूद शब्दांत आली आहे.

या निकालाला २२ वर्षं लागली, आणि तो वाचताना एक गोष्ट लक्षात येते. तो माणूस चौकीदार होता, त्याची पाळी पहाटे तीनची होती आणि तो कामावरच निघाला होता, या तीन गोष्टींबद्दल वादच नव्हता. ज्या हमालाचं नाव हजेरीत नाही, ज्याची पाळी कुठे लिहिलेली नाही, त्याच्या घरच्यांचा वाद मात्र इथूनच सुरू होईल.

म्हणून अपघाताची वाट न बघता आजच एक करा. आजची हजेरी, मजुरी वाटपाच्या वहीचं या महिन्याचं पान, मजुरी आली त्या बँकेच्या संदेशाचा फोटो, हे सगळं घरातल्या माणसाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा, आणि दर महिन्याला पाठवत जा. काट्यावरचा माणूस आलेल्या प्रत्येक कट्ट्याची पावती फाडतो, कारण उद्या कोणी विचारलं तर दाखवायला हवी. टोळीत आपलं नावही असंच कुठेतरी लिहिलेलं असू द्या.